नव्या कागदाखालची रोपं

त्या हंगामात आमच्या रोपांचं पहिल्यांदा कौतुक झालं आणि मी हुरळून गेले. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं रोपवाटिका चालवतेय, पण कुणी तोंड भरून चांगलं म्हटल्याचं आठवत नव्हतं.

आमची रोपं नेतो तो डोंगरावर झाडं लावणाऱ्या खात्याचा अधिकारी. बुटका, नाकासमोर चालणारा आणि दर दोन वाक्यांमागे घसा खाकरणारा माणूस. दरवर्षी त्याचं एकच रडगाणं असायचं. "बाई, तुमची रोपं उंच असतात, लुसलुशीत असतात, दिसायला गोड असतात. पण डोंगरावर नेली की आठवड्यात माना टाकतात."

"तुम्हाला दिवसभर डोंगरावर उभं केलं तर तुम्हीही टाकाल," मी म्हणायची. तो खाकरायचा आणि निमूटपणे रोपं गाडीत भरायला सांगायचा.

पण तो बोलायचा ते खरं होतं. आमची रोपं लाडावलेलीच होती, आणि त्याला कारण आमचं छप्पर. ते छप्पर झाडांसाठी केलेलंच नव्हतं. ते केलं होतं माझ्या भाचीसाठी.

ही भाची म्हणजे दादाची, माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. रांगायला लागली तेव्हा हौसेने तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवायचे, आणि बघता बघता तिच्या गालांवर तपकिरी ठिपके उठले. ज्याने त्याने वेगवेगळे लेप सांगितले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि दादा-वहिनींना समोर बसवून सांगितलं, की उन्हात अतिनील किरण असतात, त्यांनी सगळ्यांच्याच कातडीला इजा होते, पण आपलं शरीर ती गुपचूप दुरुस्त करून टाकतं. हिचं शरीर करत नाही. अंगावर पडलेलं प्रत्येक ऊन साठत राहणार, आणि साठता साठता एक दिवस त्याचा कर्करोग होणार.

"अशा काही मुलांना ऊन लागलं की लगेच भाजतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "त्यांच्या आयांना निदान कळतं तरी. हिला भाजत नाही. हिचे नुसते ठिपके वाढतील, तेही हळूहळू. म्हणून तुम्हाला जास्त डोळ्यात तेल घालून राहावं लागेल."

वहिनी शिवणकाम करते. तिने पोरीसाठी नखशिखान्त झाकणारे कपडे शिवले, डोक्यावरून तोंडापर्यंत येणारी टोपी आणि तिला पुढून काचेसारखी पट्टी. घरातल्या खिडक्यांना जाड पडदे लागले. पोर बाहेर पडायची ती दिवेलागणीला. मी तिला घुबड म्हणायची. वहिनीला ते अजिबात आवडायचं नाही. "वन्सं, लेकराला असं अभद्र बोलू नये," ती म्हणायची. पण घुबडालाच ते नाव इतकं आवडलं, की वह्यांवर ती तेच लिहायला लागली. मग वहिनीचा नाइलाज झाला.

छपराची कल्पना दादाची. रोपवाटिकेच्या लोखंडी कमानींवर आम्ही जे घालतो त्याला आमच्याकडे कागद म्हणतात, असतं ते जाड, पारदर्शक प्लास्टिक. त्यात एक प्रकार असा मिळतो, की तो उजेड आत सोडतो आणि अतिनील किरण मात्र स्वतःच गिळून टाकतो. दादाने सबंध शेडवर तो घातला. बाजूंनाही, जमिनीपर्यंत. डॉक्टरीणबाई स्वतः किरण मोजायचं यंत्र घेऊन आल्या, कोपऱ्या-कोपऱ्यात उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, इथे हिला उघड्या तोंडाने बसू द्या. वहिनी रडायला लागली. रडते म्हणून मी तिच्यावर ओरडले आणि मग मीही रडले.

तेव्हापासून घुबडाचा दिवस शेडमध्येच जायचा. दाराजवळ तिचं टेबल होतं, शाळा कॉम्प्युटरवर, आणि शाळा सुटली की रोपांची चित्रं. बिनबाह्यांचा झगा घालून ही पोर भर दुपारच्या लख्ख उजेडात बसलेली बघितली, की मला अजूनही बरं वाटायचं. रोपं त्या छपराखाली फाजील उंच आणि नाजूक होत होती, ती होवोत. झाडांनाही अंग राठ करायला थोडं अतिनील लागतंच, ते न मिळाल्याने ती तशी होत होती, हे मला ठाऊक होतं. मी ते खात्याच्या माणसाला कधी सांगितलं नाही.

आता दादाच्या कागदाविषयी सांगायला हवं. आमच्या धंद्यात कागद बदलायचा कधी, हे कुणी कॅलेंडर बघून ठरवत नाही. तो धुळीने मेणचटतो, पिवळा पडतो, वाऱ्याने कमानीवर घासून घासून फाटतो, मग बदलतात. आजूबाजूच्या सगळ्या रोपवाटिकांचे कागद दोन-चार वर्षांत असे लक्तरं होऊन जातात. आमचा झाला नाही, कारण दादा त्याला पोटच्या पोरीसारखा जपायचा. दर आठवड्याला शिडी लावून मऊ फडक्याने सबंध छप्पर धुवायचा. कमानींवर त्याने सायकलच्या जुन्या ट्यूब कापून गुंडाळल्या होत्या, कागद घासू नये म्हणून. लोक विचारायचे, "यंदाच घातला वाटतं?" आणि दादा ऐटीत वर बघायचा.

कागद विकणारा दुकानदार एकदा म्हणाला होता, की मुदत संपली की बदलून घ्या. दादाने त्याला उडवून लावलं. "याला माल खपवायचाय," तो मला म्हणाला. "फाटला नाही, पिवळा नाही, आरपार दिसतंय. धडधाकट माणसाला कुणी घरी बसवतं का?" मलाही ते पटलं. दुकानदारांवर माझा तसाही विश्वास नाही.

मग एका वादळात दाराजवळच्या झाडाची फांदी शेडवर कोसळली. नेमकी घुबडाच्या टेबलावरच्या भागात. पोर तेव्हा घरात होती, म्हणून वाचली. दारालगतची रुंद पट्टी फाटून लोंबायला लागली. दादाने दुसऱ्याच दिवशी त्याच दुकानातून त्याच जातीचा नवा कागद आणून तेवढी पट्टी बदलली, टेबल पुसून जागच्या जागी ठेवलं, आणि आम्ही पेरणीला लागलो.

त्या वर्षी खात्याला पांढऱ्या सालीची झाडं हवी होती. त्यांचं बी भुकटीइतकं बारीक असतं. ते मातीत पुरायचं नसतं, नुसतं वर भुरभुरायचं, कारण उजेड लागल्याशिवाय ते रुजत नाही. दाराजवळच्या पट्टीखाली ते वेळेवर रुजलं. बाकीच्या शेडमध्ये मात्र रुजता रुजेना. ट्रे ओले, हवा उबदार, सगळं नेहमीसारखं, आणि बी नुसतं पडून. जे वर आलं ते उशिरा आणि विरळ. मी बीवाल्याला फोन करून फैलावर घेतलं. तो बिचारा शपथा घेत होता, की बी एकाच पोत्यातलं आहे. मी त्याचं ऐकून घेतलं नाही.

आणि आलेली रोपंही विचित्र होती. ठेंगणी, बुंध्याशी जाड. पानं लहान, पण हाताला चिवट लागायची, वर मेण फासल्यासारखी तकाकी, आणि कडांना तांबूस झाक. असली रोपं आमच्या शेडमध्ये मी कधी बघितली नव्हती. नव्या पट्टीखालची मात्र पूर्वीचीच होती, उंच, फिक्की, फुंकर मारली तरी वाकतील अशी. दोन्हींमधली सीमा डोळ्यांना दिसत होती. दाराकडून आत चार पावलं टाकली, की रोपांची उंची एकदम खाली बसल्यासारखी कमी व्हायची.

वहिनीला ते आवडलं नाही. ती एक पान बोटांत धरून बराच वेळ उभी राहिली.

"वन्सं, याचा रंग मला बरा वाटत नाही."

"तुम्हाला काहीच बरं वाटत नाही," मी म्हटलं. "चहा करा बघू."

तिने पान सोडलं आणि चहाला गेली. मी तिला तेव्हा थांबवून विचारायला हवं होतं, की बरं वाटत नाही म्हणजे नेमकं काय.

मग खात्याचा माणूस आला. एक रोप उपटून त्याने मुळं बघितली, बुंधा चिमटीत धरला, पान दुमडून बघितलं, आणि खाकरायचं विसरला. "बाई, याला म्हणतात रोप," तो म्हणाला. "हे सरळ डोंगरावर न्यायचं, मधे बाहेर ठेवून राठ करायची भानगडच नाही. यंदा नवीन काय केलंत?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

दाराजवळची रोपं बघून त्याने नाक मुरडलं. "ही मात्र नकोत. ही तुमची नेहमीची."

तो गेल्यावर दादा बराच वेळ त्या सीमेवर उभा होता. एकदा इकडची रोपं बघायचा, एकदा तिकडची, आणि मग मान वर करून नवी पट्टी. त्याचा चेहरा हळूहळू काळवंडला.

"फसवलं त्याने मला," तो म्हणाला. "दुकानदाराने. बघ ना, जुन्या कागदाखाली रोपं कशी धट्टीकट्टी आहेत आणि या नव्याखाली कशी मरतुकडी. माल खराब आहे. काय मिसळलंय यात देव जाणे. आणि आपली पोर महिनाभर त्याखाली बसतेय."

त्याचं म्हणणं मला अगदी बरोबर वाटलं. आमचा सगळा जन्म रोपं बघून जागा ओळखण्यात गेला. रोप सुकलं की पाण्यात खोट, पिवळं पडलं की मातीत खोट, माना टाकल्या की हवेत खोट. जिथे रोप जोमदार, तिथे सगळं आलबेल, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते आमच्या हाडात आहे. मी स्वतः टेबलाचं एक टोक उचललं आणि दादाने दुसरं. शेडच्या पार आतल्या बाजूला, जिथली रोपं सगळ्यात बुटकी, जाड आणि तकतकीत होती, तिथे त्यांच्या मधोमध आम्ही ते मांडलं. घुबड खूश झाली. "इथे जास्त उजेड आहे," ती म्हणाली.

दादाने त्या आठवड्यापासून तिच्या डोक्यावरचा कागद दोनदा धुवायला सुरुवात केली. धुताना वरून बोटाने टकटक करायचा, ती खालून वर बघून हसायची.

दिवस चांगले चालले होते, असंच मला वाटत होतं. डोंगरावर नेलेल्या पहिल्या रोपांपैकी एकानेही मान टाकली नाही, असा खात्याच्या माणसाचा निरोप आला. आणखी रोपं हवी होती. मी नाक वर करून हिंडत होते. घुबडाने त्या बुटक्या रोपांची ओळीने चित्रं काढली, पानांच्या कडांना तांबडा रंग देऊन. तिच्या नाकाच्या शेंड्याशी एक ठिपका वहिनीने दाखवला, तेव्हा मी म्हटलं, रंग लागला असेल. वहिनीने पदराला थुंकी लावून पुसून बघितला. मग म्हणाली, जुनाच असेल. ठिपके तिला होतेच लहानपणापासून, त्यात एखादा नवा कोण शोधणार?

पाण्याच्या टाकीमागे मी उरलेलं बी एका फुटक्या ट्रेमध्ये टाकून दिलं होतं. शेडमध्ये जागा नव्हती आणि फेकायला जीव झाला नाही, एवढंच. एक दिवस नळी गुंडाळायला तिकडे गेले तर तेही उगवून आलेलं. उघड्या आभाळाखाली, कुणी न बघता. वाकून बघितलं. ठेंगणी रोपं, जाड बुंधा, तकतकीत पानं, कडांना तांबूस झाक.

मला गंमत वाटली. पोरीची फिरकी घ्यावी म्हणून मी तो ट्रे उचलून शेडमध्ये नेला. तिची नजर भारी तीक्ष्ण. कुठलं रोप कुठल्या ट्रेमधलं, हे ती न चुकता सांगायची. मी बाहेरची थोडी रोपं आणि आतली थोडी रोपं मातीसकट काढून तिच्या टेबलावर एकत्र मांडली.

"घुबडराव, यातली आपली कुठली आणि उनाड कुठली, ओळख बघू."

तिने हनुवटी टेबलावर टेकवली आणि एकेक रोप निरखायला लागली. पानं उलटी करून बघितली, बुंध्यांवरून बोट फिरवलं. मी हाताची घडी घालून हसत उभी होते. मग तिने मान वर केली.

"नाही ओळखता येत, आत्या. सगळी सारखीच आहेत. सगळी उन्हातलीच वाटतात."

मी अजून हसतच होते. तोंड तसंच राहिलं. सगळी उन्हातली. मी वर बघितलं. कागद लख्ख होता, एक ओरखडा नाही, त्यातून निळं आभाळ दिसत होतं. आणि दादा वरच होता. शिडीवरून पुढे वाकून तो फडकं फिरवत होता, पाण्याचे ओघळ उतरत होते, आणि जिथे जिथे फडकं फिरे तिथून ऊन आणखी स्वच्छ होऊन खाली येत होतं.

कागद म्हातारा झाला होता. फाटला नव्हता, पिवळा पडला नव्हता, पण किरण गिळायचं त्याचं काम कधीच संपलं होतं. अतिनील मिळालं की रोप राठ होतं, हे ठाऊक असूनही मी ते कधी जोडून बघितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातात असता तर केव्हाच लक्तरं होऊन उकिरड्यावर गेला असता आणि जागी नवा आला असता. दादाने तो मरू दिला नाही. आणि शेडमधली एकच जागा अशी होती, जिथे रोपं अजून फिक्की, उंच आणि लाडावलेली होती. तिथून आम्ही दोघांनी टेबल उचलून आणलं होतं.

पोरीचा चेहरा माझ्याकडे वर झालेला होता. मी तो नीट बघितला, कित्येक महिन्यांनंतर प्रथमच नीट बघितला. नाकावर, वरच्या ओठापाशी, पापणीवरसुद्धा ठिपके होते. नाकाच्या शेंड्यावरचा तो ठिपका आता सपाट नव्हता. उघड्या खांद्यांवर तर मोहरी सांडल्यासारखे दिसत होते. ते सगळं मला रोज दिसत होतं. पण मी रोज रोपंच बघत होते.

टकटक झालं. दादा वरून बोटाने कागद वाजवत होता. घुबडाने सवयीने वर बघितलं आणि हसली.

मी बी झाकायचं पोतं ओढलं आणि तिच्या डोक्यावरून टाकलं. ती घाबरली. "आत्या, काय करतेस?" पोत्याच्या आतून ती म्हणाली. तिला तशीच कवटाळून मी दाराकडे ओढत नेलं, नव्या पट्टीखाली त्या मरतुकड्या रोपांत बसवलं, आणि पोतं धरून तिच्याशेजारी बसले. वरून दादाची हाक येत होती. "काय झालं गं? पडली का ती?" मला ओरडून सांगवेना. शिडीवरून उतरून तो ओल्या हातांनी आत येईपर्यंत मी वाट बघितली, कारण वर असताना सांगितलं असतं तर तो तिथून पडला असता.

मी जे सांगितलं ते त्याने ऐकलं. टेबल होतं तिथे गेला, दोन्हीकडची रोपं हातात घेतली, एकमेकांशेजारी धरली आणि जमिनीवर ठेवली. हात पुसले. मग वहिनीला बोलवायला घरात गेला. तिच्याशी काय बोलला मला माहीत नाही, पण शिवणयंत्राचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यंत्र देऊन माणूस पाठवला. जुन्या कागदाखाली यंत्राचा काटा जिथे गेला, जवळजवळ तिथेच तो बाहेर अंगणातही जात होता. नव्या पट्टीखाली काटा हललाच नाही. त्या माणसाने दोनदा मोजलं, आमच्याकडे बघितलं आणि यंत्र पिशवीत घातलं.

दवाखान्यात घुबड वहिनीच्या मांडीवर टोपी काढून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं. पापण्या बघितल्या, कान बघितले, खांदे बघितले. नाकापाशी भिंग थांबलं आणि तिथून बराच वेळ हललं नाही. वहिनी पोरीच्या केसांवरून हात फिरवत होती, तो हातही थांबला.

"हा काढून तपासायला पाठवावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पापणीवरचाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आजच दाखवा." आवाज शांत होता. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि दादाकडे वळल्या. "ही रोज बसायची कुठे? मला नेमकी जागा सांगा. शेडमध्ये सगळीकडे सारखं ऊन येत नव्हतं, असं माझा माणूस म्हणाला."

मी म्हटलं, मी सांगते. दादाने हाताने मला थांबवलं. कागद धुऊन धुऊन त्याच्या बोटांची कातडी सुरकुतलेली असायची, ती तशीच होती.

"आधी दाराजवळ बसायची," तो म्हणाला. "तिथली रोपं मरतुकडी होती. म्हणून मी तिला तिथून उठवलं. जिथली रोपं सगळ्यात चांगली होती ना, तिथे बसवलं."